मागं कोण व्हतं?

निरगुडसर,
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय राघूदादा,

'प्रिय' हा शब्द सवयीनं लिहिला गेला. त्यातून काही अर्थ काढू नकोस.

पत्र बघून तुला वाटेल, ही एवढ्यात म्हातारी कशी झाली? पण इलाज नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास, मी तुझा केला. मामीकडं निरोप दिला तर ती म्हणाली, "तुमची भांडणं तुमी निस्तरा, मला टपालवाली करू नका." म्हणून खऱ्या टपालाकडं वळले. पोस्टात पाकीट मागितलं तेव्हा मास्तरांनी "नोकरीचा अर्ज का?" असं कौतुकानं विचारलं. मामेभावाला पत्र लिहायचंय म्हटल्यावर ते चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले.

मुद्द्याचं सांगते. सोबत एक फॉर्म आहे. पंधरा डिसेंबरला पुण्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे. नारायणगावला दसऱ्याच्या स्पर्धेत आपला 'कळप' दुसरा आला, म्हणून आपल्याला बोलावलंय. अट एकच, की तिथं खेळलेले तेच चौघे हवेत. एक सही कमी पडली तर टीम बाद. सह्या निळ्या शाईत, कागदावर, आणि कागद तीस तारखेच्या आत पुण्यात पोचलेला हवा. मोबाईलवरच्या खेळाला कागद कशाला, हे विचारायला फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, "ऑनलाइनवर आमचा विश्वास नाही." धन्य झाले.

माझी सही झालीय. गोरख आणि जया भाताची झोडणी अर्धी टाकून डोंगरावरून जुन्नरच्या स्टँडवर आले आणि सह्या करून गेले. तुझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावरून आम्ही तिघंही दोनदा गेलो. तू मान वर केली नाहीस, आम्ही हाक मारली नाही. सगळे फार मानी आहोत.

आता तुझ्या त्या व्हिडिओबद्दल. फायनलला खेळातलं मैदान आवळत आलं होतं, जया गोळी लागून पडली, तिला उठवायला मी मागं वळले, मग माझ्यामागून गोरख वळला आणि आम्ही तिघंही तिथंच संपलो. त्यातले तीस सेकंद कापून, त्यावर मेंढरांचा आवाज चढवून, 'एक मेंढी आणायला गेली आणि कळप घालवून आली' असं लिहून तू जगाला दाखवलंस. चाळीस हजार लोकांनी बघितला. आईनंही बघितला. तिनं तर शेजारणीला बोलावून दाखवला, तिला वाटलं माझा सत्कार आहे.

त्याचं मला काही नाही. (आहे.) पण बैठकीचं काय? आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हाची रीत तुला मी सांगायची का? संध्याकाळी मेंढरं जाळीत घातली, मोजून झाली, की सगळे गोल बसायचे आणि दिवसभरातली आपली चूक प्रत्येकानं आपल्या तोंडानं सांगायची. दुसऱ्याची चूक दिसली असली तरी ती आपण बोलायची नाही. एकानं जरी सांगितली नाही तरी सगळ्यांची भाकर थांबायची. हीच रीत आपण मॅचनंतर लावली, आणि ती लावायची कल्पना तुझी होती. नारायणगावला तिघांनी आपापली सांगितली. मी म्हटलं, मागं वळले ती माझी चूक. तू मात्र हेडफोन गुंडाळून उठून गेलास.

तेव्हापासून आम्ही एकही मॅच खेळलेलो नाही. भाकर थांबली आहे.

चौथी ओळ रिकामी आहे.

सुप्रिया

*

जुन्नर,
१० नोव्हेंबर २०२४

चि. सुप्रिया हिस अनेक आशीर्वाद,

तीन वर्षांनी मोठा आहे, तेव्हा आशीर्वाद देणं भाग आहे.

पत्र मिळालं. दुकानात पोस्टमन आला तेव्हा मालकांना वाटलं कोर्टाची नोटीस. फॉर्म परत पाठवतोय. त्यावर जो गोल डाग आहे तो चहाचा आहे. सही नाही.

कारण असं की मी आता 'अल्फा वॉरियर्स'मध्ये आहे. नावातच दम आहे. नाहीतर आपलं नाव! नारायणगावला निवेदकानं 'कळप' म्हटल्यावर सगळा हॉल हसला होता, आठवतंय ना? इथं आम्हाला पुण्याचे मेंटॉर सर आहेत. त्यांना अजून कुणी बघितलेलं नाही, पण आवाज भारदस्त आहे. रोज सकाळी सहाला त्यांचा व्हॉइस मेसेज येतो. 'उठा. सिंह झोपत नाही.' (मी शोधलं, सिंह दिवसाचे वीस तास झोपतो. पण सरांना कोण सांगणार?) ग्रुपमध्ये 'चूक' किंवा 'हार' हा शब्द लिहिला तर पन्नास उठाबशा. मॅच संपली की मागं वळून बघायचं नाही, लगेच पुढची. बघ, याला म्हणतात मोटिव्हेशन. नाहीतर तुमची ती बैठक. मॅच वीस मिनिटांची आणि रडगाणं तासाभराचं.

आणि मेंढरांची रीत मेंढरांपाशी ठेव. आजोबांच्या वेळी लांडगे यायचे. आता लांडगे उरले नाहीत आणि आपल्या घरात मेंढरंही उरली नाहीत. उरली आहे ती फक्त भाकर थांबवायची हौस.

राहिला प्रश्न चुकीचा. नारायणगावच्या फायनलला माझे एकोणीस किल होते. तुमचे तिघांचे मिळून सात. कुणी काय सांगायचं ते तूच हिशेबानं ठरव, बी.एस्सी. झालेली आहेस.

गोरख-जयाला म्हणावं, भात झोडून घ्या. खेळापेक्षा त्यात तुमचा हात चांगला बसलाय.

राघू

*

निरगुडसर,
१४ नोव्हेंबर २०२४

राघूदादा,

तुझ्या सिंहांना माझा नमस्कार सांग. वीस तासांची झोप झाली असेल तर.

तुझं शेवटचं वाक्य मी जयाला वाचून दाखवलं नाही. लाज वाटली. माझी नव्हे, तुझी.

तुला आठवत नसेल म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी आपण ओळीनं एकतीस मॅच हरलो होतो. जया बंदूक धरायची ती आकाशाकडं. तीन महिने रोज दुपारच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून, तिला नेम धरायला कुणी शिकवलं? त्या पोरीच्या घरात रेंज येत नाही. ती भाताच्या खळ्यावर, उन्हात, डोक्यावर पावसातलं इरलं घेऊन बसायची आणि तू दुकानातून सांगायचास, "घाई नको, श्वास सोड, मग बोट दाब." गोरखनं आपल्याला पावलांचा आवाज ओळखायला शिकवलं. रानात डुक्कर आलंय की माणूस, हे त्याला कळायचंच. मी नकाशे पाठ करून घेतले. आपल्यात खेळ येणारं कुणीच नव्हतं रे. एकाला आलं की ते चौघांना यायचं, एवढंच होतं. त्याला मेंटॉर लागला नाही. सकाळी सहाला कुणी कुणाला उठवलं नाही, कारण सगळे आधीच गोठ्यात असायचो.

चालायची रांगसुद्धा आजोबांचीच. पुढं गोरख, मध्ये मी आणि जया, मागं तू. आजोबा म्हणायचे, पुढं कुणीही चालतो, मागं भरवशाचा माणूस लागतो. म्हणून मागं तुला ठेवलं होतं.

मी जयाला विचारलं, तुला कशाला खेळायचं एवढं? पुण्याला जायचं म्हणून की बक्षिसासाठी? ती म्हणाली, "ताई, आमच्याकडं मी बोलले तर कोण ऐकतंय? हितं मी 'डावीकडं' म्हनलं की तुमी तिघं डावीकडं वळता." यावर तुझ्या सरांचा काही व्हॉइस मेसेज असेल तर पाठव.

ती अजून एक गोष्ट म्हणाली. "बैठक झालीच न्हाई ताई. तुमची पन न्हाई." ती काय म्हणते ते मला नीट कळलं नाही. रेंज खराब होती.

फॉर्म पुन्हा पाठवते आहे. चहाचा डाग पुसायचा प्रयत्न केला, तो आणखी पसरला.

सुप्रिया

*

जुन्नर,
१९ नोव्हेंबर २०२४

सुप्रिया,

तुझं पत्र वाचून डोळे पाणावले. नंतर कळलं, शेजारचा मिरची कांडत होता.

अल्फा वॉरियर्सची प्रगती विचारली नाहीस, तरी सांगतो. अकरा मॅच झाल्या. सरांच्या भाषेत अकरा 'अनुभव' मिळाले. चौघेही अल्फा असल्यामुळं चौघेही पुढं पळतात. काल आम्ही एकाच दारातून एकाच वेळी आत घुसलो आणि एकाच बॉम्बनं गेलो. मी विचारलं, नेमकं काय झालं ते एकदा बघूया का? तर सर म्हणाले, 'ब्रह्मांडाला तुमच्या जिंकण्याची फ्रिक्वेन्सी पोचत नाहीये.' रेंजची अडचण फक्त जयाला आहे असं मी समजत होतो.

परवा रविवारी महाळुंगे पडवळला घरी गेलो होतो. आपल्या भांडणापायी आईनं बोलणं बंद ठेवलंय, पण कालवण वाढलं. जेवण झाल्यावर ओट्यावर आजोबांपाशी बसलो. म्हटलं, बघाच तुमच्या नातीचे प्रताप, आणि तोच व्हिडिओ दाखवला. तू, जया, आवळत चाललेलं मैदान, मेंढरांचा आवाज. वाटलं, म्हातारा हसून हसून लोळेल.

ते हसले नाहीत. म्हणाले, "पुन्ना लाव." पुन्हा लावला. "आजून येकदा." असा सात-आठदा लावला. मेंढरं कुणाची एवढंच विचारतील असं मला वाटत होतं. तर शेवटी काठी ओट्यावर टेकवून म्हणतात, "समदं दावलंस. पर मागं कोण व्हतं?"

आता यांना काय सांगायचं? मी म्हटलं, आजोबा, हा खेळ आहे, ही मेंढरं नव्हेत. तर म्हणतात, "त्ये दिसतंय मला. मागं कोण व्हतं, त्ये सांग." मग त्यांनी बंडीतून तंबाखू काढली आणि मळत बसले. पाच मिनिटं झाली तरी माझ्याकडंच बघत होते. वय झालंय, एकाच गोष्टीत अडकतात. मी एसटीची वेळ झाली म्हणून निघालो. एसटी दीड तासानं होती.

फॉर्म परत पाठवतोय. तुझ्या पुसण्यामुळं गोरखची सही आता गोरखच्या बापाची वाटते.

राघू

ता.क. वीस किल केले असते तर माझं नाव हॉलच्या फळ्यावर कायमचं लागलं असतं. आजवर कुणाचे वीस झालेले नाहीत. हे तुम्हाला कुणालाच समजत नाही.

*

निरगुडसर,
२२ नोव्हेंबर २०२४

दादा,

आजोबांना खेळ समजत नाही हे खरं. पण त्यांनी विचारलेलं तू लिहिलंस आणि तू काय उत्तर दिलंस ते लिहायला विसरलास. पत्र घाईत लिहिलं असशील.

त्यावर मी काही बोलणार नाही. बोलायचं नाही अशी रीत आहे, आणि मला ती पाळताना किती त्रास होतोय हे तुझ्या मेंटॉर सरांना विचार, त्यांना सगळं ठाऊक असतं.

फॉर्म पाचव्यांदा प्रवास करतोय. आता तो घडीवर फाटायला आलाय. मागून चिकटपट्टी लावली आहे. आज बावीस तारीख. तीस तारखेनंतर तू सही केलीस तर ती घरच्या कपाटाला लावू.

सुप्रिया

*

जुन्नर,
२७ नोव्हेंबर २०२४

सुपे,

हे पाकीट पोस्टात टाकलं नाही, वेळ उरला नाही. मंचरच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. त्याच्या मोबाईलची काच मी फुकट बदलली आहे, तेव्हा पोचेल. तरी मनात धाकधूक आहे.

महाळुंग्याहून आलो त्या दिवसापासून म्हाताऱ्याचं ते बघणं डोक्यातून जाईना. दुकानात गिऱ्हाईक म्हणायचं, बॅटरी कधी मिळेल, आणि मला ऐकू यायचं, मागं कोण व्हतं. सोमवारी दुपारी डबा न उघडता माझ्या मोबाईलमधलं सगळं रेकॉर्डिंग लावलं. तीस सेकंदांचं नाही, सगळं.

मागं कुणी नव्हतं.

मी डावीकडं गेलो होतो, पत्र्याच्या शेडमागं. तिथं एक जण लपला होता आणि मला विसावा किल हवा होता. तुम्ही तिघं पुढं चालत राहिलात, मी मागं आहे असं धरून. जयाला गोळी मागून लागली. मी जिथं असायला हवा होतो तिथूनच लागली. मला तो किलही मिळाला नाही. त्यानंतर दोन मिनिटांत मी एकटा मेलो आणि ते मात्र मी व्हिडिओत घातलं नाही. तीस सेकंद कुठून कापायचे हे मला बरोबर कळलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं, सुपे. कापताना ठाऊक होतं.

अजून एक. शेवटची पाच मिनिटं मी तुमचे आवाज बंद केले होते. लपलेल्याची पावलं नीट ऐकू यावीत म्हणून. तुम्ही मला हाक मारली असेल तर ती मी ऐकलेली नाही. रेकॉर्डिंगमध्येही नाही.

तो व्हिडिओ काढून टाकलाय. अल्फाच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'नारायणगावला माझी चूक झाली.' सरांचा मेसेज आला, नियम मोडला, पन्नास उठाबशा. काढल्या. दुकानात, गिऱ्हाईकासमोर. मालकांना वाटलं बुवाबाजीच्या नादी लागलो. मग ग्रुप सोडला. सरांनी सिंहाचं एक चित्र पाठवलं. त्यातला सिंह झोपलेला आहे.

सही केली आहे. निळ्या शाईत. डागाच्या बरोबर वर. माझ्या जागी दुसरा कुणी चालला असता तर मी सांगितलं असतं, त्याला घ्या. पण अट तशी नाही.

जयाला मी काय तोंड दाखवू ते तू सांग.

राघू

*

निरगुडसर,
२८ नोव्हेंबर २०२४

राघूदादा,

कंडक्टरनं पाकीट आणून दिलं. दारात उभा राहून म्हणाला, "ताई, काच लई झ्याक बसवलीय तुमच्या भावानं." मी तिथंच उभ्यानं वाचलं, मग गोठ्यामागं जाऊन दुसऱ्यांदा वाचलं. इकडं कुणी मिरची कांडत नव्हतं.

मला माझ्या गुणाचं मोठं कौतुक वाटत होतं. दीड महिना सगळं ठाऊक असून तोंडातून अक्षर काढलं नाही, किती मोठ्या मनाची मी! आजोबांची रीत पाळणारी सगळ्यांत शहाणी नात! पत्रं लिहिताना मी हसायचेही, खोटं कशाला सांगू? आता कंडक्टरनं आणलेलं तुझं पत्र समोर आहे आणि हसू येत नाही.

कारण बैठक माझीही झाली नव्हती. जया बरोबर म्हणत होती आणि रेंज अजिबात खराब नव्हती.

मी सांगितलं होतं, 'मागं वळले ती माझी चूक.' ती चूक नव्हतीच. जया पडली तर मी उद्याही वळेन. ते सांगायला सोपं होतं म्हणून सांगितलं, आणि मोकळी झाले. खरी गोष्ट ही. नकाशावर तुझा ठिपका डावीकडं सरकताना मी बघितला होता. तेव्हाच 'दादा, मागं ये' म्हटलं असतं तर तुला ऐकू गेलं नसतं, पण गोरख-जया तरी थांबले असते. मी म्हटलं नाही. वर कोपऱ्यात एकोणीसचा आकडा दिसत होता आणि मलाही वीस हवे होते. फळ्यावर तुझ्या नावाखाली 'कळप' लिहिलं गेलं असतं. हॉल हसला होता ना, तो गप्प बसला असता. मला ते फार हवं होतं.

आणि तू आवाज बंद केले होतेस म्हणून तुला ठाऊक नाही, पण आजोबांचा प्रश्न त्यांच्याआधी एकीनं विचारला होता. पडायच्या आधी जया माइकवर म्हणाली होती, "ताई, मागं कोण हाय?"

मी म्हटलं, "दादा आहे."

तिनं विश्वास ठेवला आणि पुढं पाऊल टाकलं.

आज दुपारी तिला फोन करून सगळं सांगितलं. तुझंही वाचून दाखवलं, भात झोडण्याचं वाक्यसुद्धा. ती खळ्यावर होती, मागं सुपाचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं. मी पडल्याव मागं वळून बघितलं ना. तुमी दोघं कवा सांगताय त्याची वाट बघत व्हते." मी विचारलं, मग तू का नाही बोललीस? तर म्हणते, "रीत हाय ना तुमची." आणि वर, "भात झोडून झालं. दादाला म्हनावं, हात आता रिकामाच हाय."

म्हणजे आपल्या दोघांच्या अभिमानापायी दीड महिना उपाशी बसली होती ती. भाकर तिची थांबली होती, आणि मी तुला पत्रांतून सुनावत बसले होते.

बाबा आज झेंडू घेऊन पुण्याच्या मार्केटयार्डात निघालेत. फॉर्म त्यांच्या खिशात आहे. बघून म्हणाले, "ह्यो कागद का फडकं?" तरी जपून नेतायत. चार सह्या आहेत, डागातूनही वाचता येतात.

हे पत्र परतीच्या गाडीत त्याच कंडक्टरकडं देतेय. तुझा नंबर मोकळा केलाय. माझा तू कर. उद्या दुपारी चार वाजता ऑनलाइन ये, गोरखनं वेळ काढलाय. पहिली मॅच आपण बहुतेक हरू, हात बसायला दिवस लागतील. मग बैठक बसेल, आणि पहिली मी सांगेन.

रांग तीच. मागं तू. आवाज चालू ठेव, आणि जयानं विचारलं तर उत्तर तूच दे.

सुपी